कुठल्या कपात काय

६ जानेवारी

ताई,

कॉलेजचे सगळे नंबर तू बंद करून टाकलेस, त्यात माझाही गेला. बरोबरच आहे, मीही कॉलेजचीच. म्हणून पत्र. पत्र फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणाऱ्यांतली नाहीस, पाठकोरे जमवणाऱ्यांतली आहेस. मुद्दाम एकाच बाजूने लिहितेय.

आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण रविवारी तुझा फोन यायची वेळ झाली की तोच गुडघा घेऊन गच्चीवर चढते, तिथे आवाज नीट येतो म्हणून. तू पाच मिनिटं बोलतेस. ती खाली येऊन मला आणि भिंतीला ते अर्धा तास सांगते. तिकडे रक्ताच्या बाटल्या तपासतेस म्हणे दिवसभर. बाटल्या बऱ्या, शंका विचारत नाहीत.

तुझ्या जागी जे सर आलेत त्यांचं नाव आम्ही ‘पुढचं पान’ ठेवलंय. पडद्यावर जे असेल ते वाचतात, वाक्य अर्धं राहिलं तरी पान संपलं की म्हणतात, पुढचं पान. परवा ॲलर्जीच्या मास्ट पेशी झाल्या. कुणाला काही कळलं नाही. मग मधल्या सुट्टीत मी बाकावर उभी राहून तुझ्यासारखं शिकवलं. म्हटलं, ही पेशी म्हणजे जिन्यात बसलेली शेजारीण. एकदा कुणाशी तरी वाजलेलं असतं, त्याचं नाव लक्षात ठेवून, पिशवी भरून बसलेली असते. पहिल्या खेपेला काही करत नाही. तोच माणूस पुन्हा दिसला की सगळी पिशवी त्याच्या डोक्यावर उपडी. सगळ्या जणी गप्प बसून ऐकत होत्या. मग एक म्हणाली, हे तर मॅडमचं. आणि मी बाकावरून खाली उतरले.

तुझी चौकशी अजून चालू आहे. मोठ्या बाई, खेळाचे सर आणि संस्थेचे एक सभासद. तिघांत मिळून इम्युनॉलॉजीचं एक पानही नाही, पण टेबल मोठं आहे. मार्चच्या मध्यापर्यंत निकाल द्यायचाय. विरुद्ध गेला तर तुला कुठल्याच कॉलेजात शिकवता येणार नाही, हे आईला मी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मलाही बोलावलं होतं. कप कसे भरलेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, नऊ जणी होत्या, ज्यांनी फॉर्मवर ‘मला दूध पचत नाही’ असं लिहिलं होतं त्या. मंगळवारी एक कप, गुरुवारी एक. कोको सारखाच, साखर सारखीच, एका दिवशी आत दुधाची पावडर, दुसऱ्या दिवशी सोया. कुणाला कुठल्या दिवशी काय, ते फक्त मला माहीत. मी ते कागदावर लिहून, पाकीट बंद करून मॅडमकडे दिलं. मॅडमनाही माहीत नव्हतं, कारण देणाऱ्याला माहीत असलं की त्याचा चेहरा चुगली करतो. शुक्रवारी वर्गात सगळ्यांसमोर पाकीट उघडलं. एवढंच.

कागदाप्रमाणेच भरले होतेस का? हो. त्यांनी लिहून घेतलं.

डबी कॉलेजला यायला लागली आहे. आम्ही तिला डबी म्हणायचो, स्वतःची डबी घेतल्याशिवाय ती कुठे पाऊल टाकायची नाही म्हणून. आता तसं म्हणत नाही कुणी. बरी दिसते. जराशी बारीक झालीय.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण दे.

तुझी,
कार्टी


२३ जानेवारी

ताई,

रविवारी आई गच्चीवरून खाली आली ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी नव्हती सिंकमध्ये. मी विचारलं तर म्हणाली, तुझ्या ताईने नऊ वर्षांच्या वह्या रद्दीत दिल्या. म्हणाली, ‘माझं मुळातच कच्चं होतं गं आई. मुलींना काय काय शिकवत बसले.’

ताई, तुझं कच्चं नव्हतं. कपात दूध नव्हतं.

लिहिलं एकदाचं. घाईत लिहिलंय, अक्षर समजून घे. तसंही माझं अक्षर बघून तू म्हणायचीस, कोंबडी शाईत पाय बुडवून फिरलीय.

नवाच्या नऊ जणींना दोन्ही दिवस सोयाच दिला मी. अठरा कप. दुधाच्या पावडरीचं पाकीट फोडलंच नाही. घरी आणलं. आठवतं, आई आठवडाभर विचारत होती की चहा एवढा दाट का लागतोय? तू म्हणालीस, छान लागतोय, राहू दे. ती तीच पावडर.

का, तर सांगते. मोठं काही नाही, म्हणून तर लाज वाटते.

चाचणी परीक्षेत मला पन्नासात चार पडले होते. तू वर्गात माझा पेपर वाचून दाखवलास. मी लिहिलं होतं, ‘रोगप्रतिकारशक्ती म्हणजे आत येणाऱ्याला दारातच ओळख विचारायची शक्ती, आणि ओळख पटली नाही तर आधी मारायचं, मग विचारायचं.’ वर्ग हसला. मला वाटलं तूही हसशील. तू चष्मा काढून म्हणालीस, ‘यात विनोद आहे, उत्तर नाही.’ घरी तू असं काही बोलली असतीस तर मी उशी फेकून मारली असती. तिथे मला ‘हो मॅडम’ म्हणून खाली बसावं लागलं. आणि आता खरं सांगायचं तर ते उत्तर मला तुझ्याच शिकवण्यातून सुचलं होतं. तू चार मार्क त्याचेच दिले असशील.

मग मला सुधारायला म्हणून तू कप भरायचं काम दिलंस. सगळ्यांत जबाबदारीचं. मला वाटलं, आता दाखवते गंमत. दूध कुणालाच द्यायचं नाही आणि बघायचं किती जणींचं पोट फुगतं.

ताई, सात जणींचं फुगलं. साध्या सोयाने, जो त्या रोज बाहेर विकत घेऊन पितात. एक बाकावर आडवी होऊन आईला फोन लावत होती. एकीने मंगळवारी गळून गेल्यासारखं वाटतंय म्हणून सुट्टी घेतली आणि गुरुवारी पुन्हा तेच. मी मागच्या खोलीत पातेलं धूत होते आणि तोंडात फडकं कोंबून हसत होते. सोमवारी तुझ्या तासाला उठून सांगणार होते. मनात सगळं पाठ होतं. मॅडम, एक शंका आहे, नसलेल्या दुधाने पोट फुगतं का? सगळा वर्ग तुझ्याकडे बघणार, आणि तुला हसावंच लागणार. कारण ते उत्तर होतं, नुसता विनोद नव्हता. तूच शिकवत होतीस ना, की लोकांना त्रास खरा होतो पण कारण दुसरंच असतं.

सोमवार आलाच नाही.

तुझ्या पद्धतीत खोट नव्हती. एकच राहिलं होतं. त्या कागदावर खाली दोन सह्यांच्या जागा असतात, भरणाऱ्याची आणि भरताना शेजारी उभं राहून बघणाऱ्याची. मी विचारलं होतं, इथे कुणाची घेऊ? तू वह्या तपासत होतीस, वर न बघता म्हणालीस, ‘तू आहेस ना, मग दुसरी कशाला?’

हे मला रोज ऐकू येतं.

कार्टी


५ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र मी टाकलंच नाही. पेटीपर्यंत गेले होते. तिकीट लावलेलं होतं. पेटीच्या तोंडात अर्धं घातलं आणि काढून घेतलं. मागे एक आजोबा रांगेत होते, म्हणाले, टाक की पोरी, लग्न ठरलंय का मोडलंय? मी म्हटलं, पत्ता चुकलाय. आज दोन्ही एकाच पाकिटात घालतेय, म्हणजे एक टाकलं की दुसरंही गेलंच.

कारण त्यात मी सगळं लिहिलं नव्हतं. सवयीने अर्ध्यावर थांबले होते.

शुक्रवारी तू पाकीट उघडलंस. प्रत्येकीचं वाचून दाखवलंस. डबीचं आलं तेव्हा तू कागद दोनदा बघितलास. मंगळवारी सोया, गुरुवारी दूध, दोन्ही दिवस काही त्रास नाही. ती उभी राहिली. म्हणाली, मॅडम, म्हणजे मला दूध चालतं? तू काय बोललीस ते मला शब्दशः आठवतंय, समितीपुढे कुणालाच आठवलं नाही. तू म्हणालीस, ‘कालच्या कपापुरतं चाललं. हे निदान नाही. डॉक्टरकडे जाऊन नीट तपासून घे, मग ठरव.’ पण वर्गाने टाळ्या वाजवल्या ना, त्यात पहिलं वाक्य तेवढं ऐकू गेलं.

तिने फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, ते तुला नंतर कळलं. लहानपणी दूध पिऊन तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. ज्यांना असं झालंय त्यांनी भाग घ्यायचा नाही, असं तू ठळक अक्षरात छापलं होतंस. तिने ‘पचत नाही’वर खूण केली. तिला वाटायचं, हे सगळं आईचं खूळ आहे. वर्गालाही तसंच वाटायचं. मलाही. आम्ही तिच्या डबीला नखऱ्याची पेटी म्हणायचो.

तास सुटल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, चल, मला आइसक्रीम खायचंय, आयुष्यातलं पहिलं. तूच कप भरलेस ना, मग तूच चल.

म्हणजे मी तिथे होते, ताई. तुला, आईला, समितीला, सगळ्यांना मी सांगितलं की दुकानदाराने फोन केल्यावर मी धावत गेले. नाही. मी पहिल्यापासून तिथे होते. समोरच्या खुर्चीवर.

ती पंधरा मिनिटं फळ्यावरची नावं वाचत होती. शेवटी व्हॅनिला घेतलं, सुरुवात साधी हवी म्हणाली. दुकानदार म्हणाला, एवढा विचार तर मी दुकान घेताना केला नव्हता. मी हसत होते. एका क्षणी तुझी ती जिन्यातली शेजारीण डोक्यात आली. पिशवी भरून बसलेली. वाटलं, सांगावं, अगं थांब, तुझ्या कपात काही नव्हतंच. तोंड उघडलंसुद्धा. मग वाटलं, आत्ता सांगितलं तर सोमवारची मजा जाईल. आणि हिचे नखरेच तर आहेत, काय व्हायचंय.

चार चमचे. पाचवा तिने परत ठेवला आणि ओठाला बोट लावून बघितलं. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, आवाज तिचा नव्हता. बाकीचं तुला माहीत आहे. गाडीत तिने माझं मनगट धरलं होतं. जोरात नाही. जोरच नव्हता.

आता शेवटचं. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिल्यावर तिचा श्वास सुरळीत झाला. मग डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हिने याआधी कधी दूध घेतलंय का, अलीकडे? तिथे खरं बोलायला काहीच हरकत नव्हती. वर्ग नव्हता, तू नव्हतीस. मी म्हटलं, हो. काल. पूर्ण कप. काही झालं नाही.

त्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून ते वाक्य तिच्या कागदांत आहे. रक्ताची तपासणी दुधाकडे बोट दाखवते, पण तो कप आडवा येतो. पूर्ण कप चालला आणि चार चमचे चालले नाहीत, मग दूधच कशावरून, आइसक्रीममधलं दुसरंच काही असेल. कळेपर्यंत सगळं बंद. ती भात खाते, उकडलेला बटाटा खाते, शिजवलेलं सफरचंद खाते. बाकी काही नाही. मी तुला लिहिलं होतं, जराशी बारीक झालीय. तिचं घड्याळ कोपरापर्यंत सरकतं.

आणि समितीने तुझ्याच वहीतलं वाक्य तुझ्याविरुद्ध लावलंय. ‘पहिल्या खेपेला काही होत नाही, दुसऱ्या खेपेला होतं.’ म्हणजे पहिली खेप तू वर्गात दिलीस. खेळाच्या सरांनी ते लाल पेनाने अधोरेखित केलंय.

लॅबमधल्या फ्रीजरमध्ये त्या अठरा कपांचे नमुने अजून आहेत. जे जे आपण कुणाला खायला देतो त्यातलं चमचाभर बाटलीत भरून ठेवायचं, हा तुमचा नियम. खरं तर ते आठवड्यात टाकायचे असतात, पण लॅबमामा लेखी हुकूम आल्याशिवाय बर्फसुद्धा टाकत नाहीत. डिसेंबरमध्ये मी ते फेकायला गेले होते. पिशवी घेऊन गेले होते. मामा म्हणाले, काय गं, आज काय उपद्व्याप? मी म्हटलं, काही नाही मामा, गार हवा खायला आले.

समितीपुढे जाणार आहे. हे लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

मी


२६ फेब्रुवारी

ताई,

पाकीट मिळालं असेल. तुझ्याकडून काही आलं नाही. बरोबर आहे.

आधी डबीकडे गेले. वाटलं, समितीला आधी सांगितलं आणि तिला त्यांच्याकडून कळलं तर ते आणखी वाईट. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसली होती, बटाटा खात होती. मी समोर उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी मधला एक तुकडा विसरले आणि परत मागे येऊन सांगितला.

तिने हातातला बटाटा खाली ठेवला. मग विचारलं, गुरुवारच्या कपातही सोयाच? म्हटलं, हो. तिने पिशवीतून एक छोटी वही काढली. त्यात पदार्थांची यादी होती, पानंच्या पानं, आणि सगळ्यावर काट मारलेली. डाळी, फळं, ब्रेड, सगळं. ती पानं उलटत राहिली. म्हणाली, म्हणजे मला फक्त दूधच चालत नाही? बाकी सगळं चालतं? आणि रडायला लागली, पण ते रडणं वाईट नव्हतं, ताई. खांदे खाली आल्यासारखं रडणं होतं. मलाही हायसं वाटायला लागलं. वाटलं, सुटले.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली,

‘दोन महिने तू माझ्या शेजारच्या बाकावर बसून मला बटाटा खाताना बघत होतीस.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विनोदही नव्हता.

समितीत त्याहून मजा झाली, म्हणजे मजा नाही. त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही. सभासद म्हणाले, बहिणीला वाचवायला आलीस, कौतुक आहे. खेळाच्या सरांनी माझा इतिहास वाचून दाखवला. शिट्टीत साबण घातला होता तो, मोठ्या बाईंच्या खुर्चीची चाकं काढली होती ती, ‘पुढचं पान’ सरांच्या पडद्यावर मध्येच माकडाचा फोटो आला तो. म्हणाले, हिचं कुठलं खरं आणि कुठलं खोटं? आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले आणि माझ्याच खोड्या माझ्या आड उभ्या. दुधाची पावडर कुठे आहे म्हणाले. म्हटलं, चहात गेली. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बाळ, जा आता.

गेले नाही. म्हटलं, फ्रीजर उघडा. अठरा बाटल्या आहेत. एकीत जरी दूध निघालं तरी मला हाकला आणि मॅडमनाही हाकला. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा, माझ्या हातात देऊ नका, लॅबमामांच्याही देऊ नका. मोठ्या बाईंनी पेन पुन्हा उचललं. इतके दिवस हे कुणाला सुचलं कसं नाही म्हणाल्या. सुचायचं काय, कागदावर कुणाला संशयच नव्हता. संशय सगळा तुझ्यावर होता.

बाटल्या गेल्या परवा. आईलाही सांगितलं. तिने माझ्या ताटात भाजी वाढली, नेहमीसारखी, आणि स्वतः जेवायला बसलीच नाही.

मी


१८ मार्च

ताई,

निकाल तुला कळला असेल, मोठ्या बाईंनी तुला स्वतः फोन केला म्हणून ऐकलं. अठराच्या अठरा. एकीतही दूध नाही. मला परत त्या वर्गात बसता येणार नाही, दोन वर्षं कुठल्याच वर्गात बसता येणार नाही. तो कागद मी नीट वाचला, त्यात काही चूक नाही.

समितीला तू पाठवलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं. तू लिहिलंयस की विद्यार्थिनीवर एकटीवर काम सोपवलं ही तुझी चूक, आणि ती नोंदवून घ्यावी. ‘विद्यार्थिनी’ लिहिलंयस. तीन पानांत ‘बहीण’ हा शब्द एकदाही नाही. मी मोजून बघितलं.

डबीच्या कागदांतून ते वाक्य डॉक्टरीणबाईंनी खोडलं. मी स्वतः जाऊन सही करून दिली. काल ती ब्रेड खाताना दिसली, रस्त्याच्या पलीकडे. तिने मला बघितलं. हात केला नाही. खात राहिली.

रविवारी आई खाली आली. म्हणाली, ताईने तुझी पत्रं वाचली आहेत. सगळी. तुला निरोप दिलाय. आईने तो दोनदा पाठ करून आणला होता, चुकू नये म्हणून. ‘तिला म्हणावं, मला वाचताना हसू येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. काही दिवस लिहू नकोस.’

म्हणून हे शेवटचं, आणि यात मी काही गमतीचं लिहिलेलं नाही. कुठे तसं वाटलं तर चुकून झालंय.

तू सोमवारपासून परत शिकवणार, हे आईने सांगितलं. कॉलेजजवळ खोली शोधते आहेस, हेही सांगितलं. घर असताना खोली का, हे तिने विचारलं नाही, मलाही विचारायची गरज पडली नाही. खोली बघू नकोस. आईचा गुडघा खरंच दुखतो आता, तिला एकटं ठेवू नकोस. मी शनिवारी मावशीकडे जाते. तिच्या शेजारी रुग्णालयाचं स्वयंपाकघर आहे, तिथे ट्रे लावायला माणूस हवा आहे. प्रत्येक ट्रेवर नाव आणि काय चालत नाही ते लिहिलेलं असतं. मी विचारलं, भरताना शेजारी कुणी बघायला असतं का? म्हणाले, असतं, एक म्हातारी बाई, फार किरकिरी आहे. म्हटलं, चालेल.

तुझी खोली झाडून घेतलीय. चादर बदलली. टेबलावर पाठकोऱ्यांचा गठ्ठा ठेवलाय, वर्गातल्या मुलींनी जमवलेत, मी फक्त आणले.

आणि ताई, उशीखाली, चपलेत, ड्रॉवरमध्ये, दाराच्या वर, कुठेही मी काही ठेवलेलं नाही. खरंच नाही. तरी तू आत जायच्या आधी आईला एकदा सगळं उघडून बघायला सांग.